‘रचणे’ आणि ‘लिहिणे’ : जिम मॅकार्टनी यांच्या संगीतवारशाचा एक भाषिक विचार

एखाद्या कलावंताचा अभ्यास करावयास बसले म्हणजे त्याच्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले हे प्रथम शोधावे, अशी समीक्षेची जुनी रीत आहे. हे संस्कार बहुधा ग्रंथांचे असतात. संगीताच्या क्षेत्रात ते ध्वनिमुद्रिकांचे असतात. ग्रंथाला आणि ध्वनिमुद्रिकेला तारीख असते, त्यांची नोंद सापडते, आणि नोंद सापडली की समीक्षकाच्या पायांना जमीन लागते. पॉल मॅकार्टनी यांच्याविषयी आजवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, बडी हॉली ही अमेरिकन नावे याच कारणाने पुनःपुन्हा येतात. त्यांच्या पित्याचे नावही येते, नाही असे नाही. परंतु ते चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येते आणि गीतांची चर्चा सुरू होताच मागे पडते. प्रस्तुत लेखात या पित्याचा, म्हणजे जेम्स ऊर्फ जिम मॅकार्टनी (१९०२–१९७६) यांचा विचार करावयाचा आहे. पॉल यांच्या गीतांच्या एका मोठ्या गटाचे मूल्यमापन चुकीच्या पायावर झालेले आहे, आणि तो पाया सुधारावयाचा तर जिम यांच्यापाशीच जावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. लेखकाचा अधिकार संगीताचा नाही, भाषेचा आहे. म्हणून पुढील विवेचन जेथवर भाषेच्या आधाराने जाता येते तेथवरच जाईल.

प्रथम व्यक्तीविषयी थोडे. जिम यांचा जन्म लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागातील एका श्रमजीवी कुटुंबात झाला. त्यांचे वडील ज्यो हे कोप यांच्या तंबाखूच्या कारखान्यात तंबाखू कापण्याचे काम करीत आणि कारखान्याच्या बँडपथकात खर्जाचे अवजड पितळी वाद्य वाजवीत. लहानपणी भिंतीवरून पडून जिम यांचा एक कान जन्मभरासाठी निकामी झाला. तरीही हा मुलगा घरातील पियानोवर ऐकून ऐकून वाजवू लागला, ट्रंपेटही शिकला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कापसाच्या नमुन्यांची ने-आण करणारा पोऱ्या म्हणून तो हॅने यांच्या पेढीवर लागला. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच पेढीत ते विक्रेते झाले. त्या वर्गातील माणसाला हे पद सहसा मिळत नसे.

लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा आपल्याकडील खानदेश-वऱ्हाडाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून गेलेल्या आखूड तंतूच्या हिंदी रुईवर लँकेशरच्या गिरण्यांना भागवावे लागले. या रुईला तेथील बाजारात ‘सुरत’ म्हणत. चांगल्या कापसाची सवय असलेल्या कामगारांना ती इतकी नकोशी झाली, की ‘सुरत’ हा शब्द त्या भागातील बोलीत भेसळीच्या, हलक्या मालाचा वाचक बनला. शब्दार्थाच्या अपकर्षाचे इतके चांगले उदाहरण क्वचितच मिळते. जिम बाजारात आले ते त्यानंतर अर्ध्या शतकाने, तेव्हा हे विषयांतर येथेच थांबविलेले बरे.

१९२० च्या सुमारास जिम यांनी ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ नावाचे एक पथक उभे केले. त्यांचे बंधू जॅक त्यात ट्रॉम्बोन वाजवीत. नाचाचे कार्यक्रम, ओळखीपाळखीच्यांचे समारंभ, असे त्याचे क्षेत्र होते. हंटर डेव्हिस यांनी १९६८ मध्ये बीटल्सचे जे अधिकृत चरित्र प्रसिद्ध केले, त्यात या पथकाच्या दोन आठवणी दिल्या आहेत. एका कार्यक्रमात मंडळींनी रहस्य म्हणून काळे मुखवटे चढविले. घामाने मुखवट्यांचा रंग ओघळून सर्वांची तोंडे काळी झाली. दुसऱ्या प्रसंगी ‘क्वीन ऑफ शीबा’ या मूकपटाला साथ करावयाची होती. कोणत्या प्रसंगाला काय वाजवावे हे कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा रथांच्या शर्यतीला बग्गीच्या सफरीचे एक चालू गाणे वाजविले, आणि राणी मरू लागली तेव्हा घोड्याच्या शेपटीवरचे. चरित्रकार ही गोष्ट गंमत म्हणून सांगतो आणि ती गमतीची आहेच. परंतु तिच्यात या वादकांची पद्धती स्पष्ट दिसते. पुढ्यात लिहिलेले काही नाही. डोक्यात गाण्यांचा एक साठा आहे. प्रसंग समोर आला की त्या साठ्यातून जे सुचेल ते काढावयाचे. वाक्य बोलताना आपण सर्वजण हेच करतो.

१९४१ मध्ये जिम यांचा विवाह मेरी मोहिन या परिचारिकेशी झाला. १९४२ मध्ये पॉल आणि १९४४ मध्ये मायकेल यांचा जन्म झाला. युद्धकाळात कापूस बाजार बंद पडला. जिम दिवसा विमानांची यंत्रे करणाऱ्या नेपियर कारखान्यात काम करीत आणि रात्री आगीवर पहारा देत. युद्ध संपल्यावर बाजार पूर्वीसारखा राहिला नाही आणि घरात मेरी यांचेच उत्पन्न अधिक असे. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी मेरी वारल्या. चौदा आणि बारा वर्षांचे दोन मुलगे, फोर्थलिन रोडवरील नगरपालिकेचे घर आणि एक पियानो एवढे जिम यांच्यापाशी उरले. हा पियानो एप्स्टाइन कुटुंबाच्या दुकानातून घेतलेला होता. त्याच कुटुंबातील ब्रायन एप्स्टाइन पुढे बीटल्सचे व्यवस्थापक झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जिम यांची एकच स्वतंत्र चाल ज्ञात आहे. तिचे नाव ‘वॉकिंग इन द पार्क विथ एलॉइज’. पॉल लहानपणापासून ती वडिलांच्या हातून ऐकत आले होते. प्रौढपणी एकदा त्यांनी वडिलांना ‘तुम्ही लिहिलेले ते गाणे’ असे म्हटले, तेव्हा वडिलांनी त्यांची चूक दुरुस्त केली : आपण ते लिहिलेले नाही, आपण ते नुसते रचले, मनाने जुळवले. पॉल यांनी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे आणि सांगताना ते हसतात, कारण त्यांच्या धंद्यात यालाच लिहिणे म्हणतात. श्रोतेही हसतात. वडिलांचा विनय किंवा भाबडेपणा, असा तिचा अर्थ लावला जातो आणि गोष्ट तेथेच संपते.

प्रस्तुत लेखकाच्या मते जिम येथे अगदी काटेकोर बोलत आहेत. इंग्रजीत गीतकाराला आणि संगीतकाराला मिळून गाणे ‘लिहिणारा’ असा एकच शब्द आहे. हा शब्द छापील स्वरलिपी विकणाऱ्या प्रकाशकांच्या व्यवसायातून रुळला. ज्याला स्वरलेखन येत नाही, ज्याच्या चालीचा कागदावर ठिपकाही उमटलेला नाही, त्याने ‘मी लिहिले’ असे म्हणणे त्या अर्थाने खोटेच ठरते. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. आपण चाल ‘लिहीत’ नाही. चाल लावतो, बांधतो, ती आपल्याला सुचते. बंदिश बांधली जाते. अभंग रचला जातो, शाहीर कवन करतो. ‘गाणे लिहिले’ असे मराठीत म्हटले तर केवळ शब्दांची रचना अभिप्रेत असते. चालीसाठी दुसरे क्रियापद योजावेच लागते. इंग्रजीने जो भेद पुसून टाकला तो मराठीने राखला आहे, आणि लिव्हरपूलच्या एका कापूस विक्रेत्याने आपल्या बोलण्यात तो राखला होता.

जिम यांनी वापरलेल्या इंग्रजी क्रियापदाला आणखी एक छटा आहे. खोटी गोष्ट रचून सांगणे यासाठीही तेच क्रियापद येते. आपल्या ‘रचणे’लाही ही छटा आहे, कुभांड रचले जाते, लिहिले जात नाही. लेखनाला जो अधिकार असतो तो रचण्याला नसतो. रचलेली गोष्ट पुन्हा सांगताना बदलली तरी कोणी जाब विचारीत नाही. जिम यांच्या उत्तरात विनय असेल तर तो येथे आहे : ही चाल म्हणजे दस्तऐवज नाही, ती तशीच वाजली पाहिजे असा आपला आग्रह नाही, असे ते सांगत आहेत.

घरात मुलांना संगीत मिळाले ते याच वृत्तीने. पॉल यांनी पियानो शिकवा असा हट्ट धरला, तेव्हा जिम यांनी नकार दिला. शिकावयाचे तर रीतसर शिक्षकाकडे शिकावे, आपल्याला धड येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पॉल शिक्षकाकडे गेले आणि लवकरच कंटाळून परत आले. याचा परिणाम असा झाला की मुलगा वडिलांच्या हाताकडे पाहून आणि ऐकून शिकला, म्हणजे वडील स्वतः जसे शिकले होते तसाच. मातृभाषा कोणी शिकवीत नाही. ती घरात बोलली जाते एवढेच. जिम शिकवीत नसत, परंतु दाखवीत असत. रेडिओवर गाणे लागले की त्यातील खर्जाची ओळ कोणती ते ते मुलांना वेगळी काढून ऐकवीत. दोन्ही मुलांना वेगवेगळ्या स्वरपंक्ती एकाच वेळी गावयास लावून स्वरसंवाद म्हणजे काय ते समजावून देत. ज्याच्या आजोबांनी बँडपथकात खर्ज धरला आणि ज्याच्या वडिलांनी रेडिओतला खर्ज वेगळा करून ऐकविला, तो मुलगा १९६१ मध्ये बीटल्सचा बास गिटारवादक झाला. यात रक्ताचा गुण शोधण्याचे कारण नाही. स्टुअर्ट सटक्लिफ यांनी पथक सोडले आणि ते वाद्य कोणाला तरी घेणे भाग होते. परंतु ते हाती आल्यावर पॉल यांनी त्याला जे स्वतंत्र, गाणारे वळण दिले, त्यासाठी लागणारा कान आधीच तयार झालेला होता, एवढे निश्चित म्हणता येते. चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेले ट्रंपेट मात्र टिकले नाही. ते वाजविताना गाता येत नाही, म्हणून वडिलांना विचारून मुलाने ते देऊन गिटार घेतली.

येथवरच्या वर्णनावरून जिम हे पुत्राच्या मार्गातील एक सौम्य साहाय्यक होते असे चित्र उभे राहील. ते पुरते खरे नाही. पिता-पुत्रांत रुचीचा भेद होता आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण योगायोगाने भाषिकच आहे. जून १९६३ च्या अखेरीस पॉल आणि जॉन लेनन यांनी ‘शी लव्हज यू’ हे गीत फोर्थलिन रोडच्या घरी बसून पूर्ण केले आणि जिम यांना ऐकविले. त्यातील होकारार्थी अव्यय इंग्रजीच्या प्रमाण रूपात नसून अमेरिकन बोलीतील सैल रूपात येते, आणि तेच गीताचा ठेका झालेले आहे. जिम यांना गाणे आवडले. परंतु आधीच फार अमेरिकन शब्द घुसले आहेत, येथे शुद्ध ‘येस’ म्हणता येणार नाही का, असे त्यांनी सुचविले. दोघे तरुण हसले. गीत १ जुलै रोजी मुद्रित झाले आणि ऑगस्टमध्ये बाहेर पडताच त्या एका अव्ययाने युरोपभर बीटल्सची ओळख झाली.

हा प्रसंग पिढ्यांमधील अंतराचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्यात जी विसंगती आहे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अमेरिकन शब्दाला हरकत घेणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या पथकाला जे नाव दिले होते त्यात ‘जॅझ’ हा शब्द होता! १९२० साली याहून अधिक अमेरिकन शब्द मिळणे कठीण. ते जे वाजवीत ते बव्हंशी अमेरिकेतून आलेले. पॉल यांच्या आठवणीत वडिलांच्या पियानोशी कायमची जोडली गेलेली ‘लल्लबाय ऑफ द लीव्हज’ आणि ‘स्टेअरवे टू पॅरडाइज’ ही दोन्ही गाणी अमेरिकन आहेत. म्हणजे एका पिढीने घेतलेली उसनवार पुढच्या पिढीच्या उसनवारीला परकी म्हणत होती. भाषाशुद्धीच्या वादांत हे आपण नित्य पाहतो. ‘खुर्ची’ आणि ‘मेज’ फारसीतून आले याची आठवण कोणास होत नाही. ‘टेबल’ मात्र अनेकांना दीर्घकाळ खुपत राहिले. जे आपल्या बालपणाआधी आले ते आपले, जे आपल्या डोळ्यांदेखत आले ते परके.

ब्रिटिश गायकांच्या उच्चारांविषयी पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. गाताना ब्रिटिश तरुण अमेरिकन उच्चारांची नक्कल कशी करीत आणि बीटल्सच्या बाबतीत १९६० नंतरच्या दशकात ती नक्कल उत्तरोत्तर कशी ओसरत गेली, हे त्यांनी ध्वनींची मोजदाद करून दाखविले. जिम यांच्या सूचनेवर हसणाऱ्या दोघांनीच पुढील पाच-सहा वर्षांत उच्चारांपुरते तरी जवळजवळ जिम म्हणत होते तेच केले. अर्थात ते जिम यांच्या सांगण्यावरून नव्हे. अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतल्यावर अमेरिकन वाटण्याची गरज उरली नाही, ही ट्रडगिल यांच्या निबंधातून निघणारी उपपत्ती अधिक सयुक्तिक आहे.

आता ज्या गीतांसाठी हा लेख लिहावयास घेतला त्यांच्याकडे येऊ. ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ (१९६७), ‘युअर मदर शुड नो’ (१९६७), ‘हनी पाय’ (१९६८), ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’ (१९६९) आणि बीटल्स विखुरल्यानंतरचे ‘यू गेव्ह मी द आन्सर’ (१९७५) ही गीते जुन्या नृत्यगृहांच्या आणि संगीतिकांच्या वळणाची आहेत. अशा गीतांना लेनन यांनी ‘आजीबाईंचे संगीत’ म्हणून हिणविले असे सांगतात, आणि रॉक संगीताच्या समीक्षकांनी पुढे ती हेटाळणी जवळजवळ प्रमाण मानली. आरोप असा की ही गीते म्हणजे नक्कल आहे. बंडाच्या संगीतात शिरलेली दिवाणखान्यातील गोडगोड सजावट आहे. बाजू घेणारेही ‘चतुर अनुकरण’ यापलीकडे जात नाहीत. दोन्ही पक्षांचे गृहीत एकच : रॉक ही पॉल यांची स्वभाषा आणि जुने वळण हा त्यांनी चढविलेला वेष.

वस्तुस्थिती उलट आहे. कालक्रमाने पाहता जुने वळण हीच त्यांची पहिली भाषा होती. रॉक ते नंतर शिकले, तेही अमेरिकन तबकड्यांवरून, म्हणजे परभाषा शिकावी तसे. ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ची चाल पॉल यांना पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आसपास घरच्या पियानोवर सुचली. कॅव्हर्न क्लबात विजेची उपकरणे बंद पडली की ती वाजविली जाई. मुद्रण झाले ते डिसेंबर १९६६ मध्ये. त्याच वर्षी जुलैत जिम यांना चौसष्ट वर्षे पूर्ण झाली होती. जॉर्ज मार्टिन यांनी तिला तीन क्लॅरिनेटांची जी साथ दिली ती सजावट न वाटता हाडाची वाटते. गीताचे शब्द पाहावेत. तरुणाने भविष्यकाळात स्वतःच्या वार्धक्याचा हिशोब मांडला आहे आणि तो मांडण्यासाठी पत्राच्या शेवटी येणारी ठराविक वाक्ये व छापील अर्जातील पृच्छा यांची भाषा घेतली आहे. ती कापसाच्या पेढीच्या पत्रव्यवहारातून आली असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अशी पत्रे त्या काळी साऱ्या इंग्लंडात लिहिली जात. तेव्हा तो मोह आवरलेला बरा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या गीतात जुन्या शैलीकडे बोट दाखविलेले नाही. ती शैली बोलली गेली आहे.

‘हनी पाय’मध्ये तसे नाही. तेथे आरंभीच्या भागात एका ओळीपुरता आवाज जुन्या तबकडीसारखा खरखरीत केलेला आहे. हे अवतरणचिन्ह आहे. शब्दाचा प्रयोग करणे आणि शब्दाचा उल्लेख करणे यांत तर्कशास्त्र व भाषाशास्त्र जो भेद करते तोच येथे लागू पडतो : पहिल्या गीतात जुन्या वळणाचा प्रयोग आहे, दुसऱ्यात उल्लेख. उल्लेख कितीही खुबीदार असला तरी बोलणाऱ्याने स्वतःला त्या बोलीपासून एक पाऊल दूर ठेवलेले असते, आणि श्रोत्याला ते जाणवते. ‘युअर मदर शुड नो’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. ते जुन्या गाण्यांविषयीचे गाणे आहे आणि विषयाच्या पलीकडे फारसे जात नाही. ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’विषयी लेनन यांचा कंटाळा प्रस्तुत लेखकास समजू शकतो. खुनांची मालिका आणि आनंदी चाल यांचा विरोध एकदा ध्यानात आला की पुढे ऐकण्यासारखे काही उरत नाही. परंतु त्याचे अपयश जुन्या वळणाचे नाही, चतुराईचे आहे. घरच्या भाषेत माणूस चतुराई दाखवू लागला की ती घरची राहत नाही. सारांश, ही सर्व गीते एका गठ्ठ्यात बांधून ‘नक्कल’ असा शिक्का मारणे हा आळस आहे. कोणत्या गीतात पुत्र वडिलांच्या भाषेत बोलत आहे आणि कोणत्या गीतात वडिलांच्या भाषेचा आव आणीत आहे, हे प्रत्येक वेळी ऐकून ठरवावे लागेल.

२०१२ च्या ‘किसेस ऑन द बॉटम’ या संग्रहात पॉल यांनी वडिलांच्या काळातील गाणी मुळाबरहुकूम गाइली. पियानोवर डायना क्रॉल होत्या. सर्व काही नीटनेटके आहे. ऐकताना बोलीभाषेतील गोष्ट प्रमाणभाषेत वाचून दाखविल्यासारखे वाटते.

‘एलॉइज’चे पुढे काय झाले? १९७४ मध्ये पॉल आपले ‘विंग्ज’ हे पथक घेऊन अमेरिकेत नॅशव्हिल येथे होते. तेथील विख्यात गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्यापाशी वडिलांच्या चालीची गोष्ट निघाली आणि ती मुद्रित करावी असे ठरले. ॲटकिन्स यांची गिटार, फ्लॉइड क्रेमर यांचा पियानो, पॉल स्वतः आणि विंग्जची मंडळी, असा मेळ जमला. त्याच वर्षी ‘द कंट्री हॅम्स’ या टोपणनावाने तबकडी निघाली. ती खपली नाही. ती वाद्यरचना आहे. तिला शब्द नाहीत. चाल हलकी, चालत्या पावलांच्या लयीची, दोनदा ऐकली की तोंडात बसणारी आहे. वादक इतके कसलेले आहेत की त्यांना तिच्यात काही कठीण लागत नाही, आणि येथेच थोडी उणीव राहते. हौशी हाताला चालीत जेथे वळण घेताना क्षणभर थांबावे लागते तेथे या मंडळींना थांबावे लागत नाही. तरीही हे मुद्रण झाले नसते तर चाल जिम यांच्याबरोबरच गेली असती. १८ मार्च १९७६ रोजी ते निवर्तले. म्हणजे चाल रचणाऱ्याला ती तबकडीवर ऐकावयास सुमारे दीड वर्ष मिळाले. १९८२ मध्ये बीबीसीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ या कार्यक्रमात पॉल यांना निर्जन बेटावर न्यावयाच्या आठ तबकड्या निवडावयास सांगितले, तेव्हा प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड आणि लेनन यांच्या जोडीला त्यांनी ही तबकडी ठेवली.

न लिहिता रचण्याची ही रीत पुत्राने शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांनी स्वरलेखन शिकण्याचे टाळलेच. १९९१ मध्ये लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये त्यांचा ‘लिव्हरपूल ऑरेटोरिओ’ सादर झाला, तेव्हा मोठ्या वाद्यवृंदासाठी व गायकवर्गासाठी लागणारी स्वरलिपी कार्ल डेव्हिस यांनी सिद्ध केली होती. पॉल गाऊन व वाजवून दाखवीत आणि डेव्हिस टिपून घेत. दीर्घ रचनेला ही पद्धती पुरी पडत नाही असे अनेक समीक्षकांनी तेव्हा लिहिले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रचलेले ध्यानात ठेवावे लागते, आणि ध्यानाला लांबीची मर्यादा असते.

लहान रचनेत मात्र हीच उणीव उपयोगी पडल्याचे एक उदाहरण आहे, आणि ते जिम यांच्याच घरातील आहे. १९६४ मध्ये जिम निवृत्त झाल्यावर पॉल यांनी त्यांच्यासाठी विरल द्वीपकल्पावर एक घर घेतले होते. तेथे जिम यांच्या पियानोवर सावत्र बहिणीची छापील स्वरलिपी उघडी पडलेली पॉल यांनी पाहिली. सतराव्या शतकाच्या आरंभीचे नाटककार टॉमस डेकर यांच्या एका अंगाईगीताची ती होती. शब्द वाचता आले. स्वर वाचता आले नाहीत, आणि जुनी चाल आठवेना. तेव्हा पॉल पियानोवर बसले आणि त्या शब्दांना त्यांनी तेथल्या तेथे दुसरी चाल लावली. १९६९ च्या ‘ॲबी रोड’ या संग्रहातील ‘गोल्डन स्लंबर्स’ ती हीच.